फुप्फुस बदललं तरी आजार परत येतोच?

"आजार अंगात मुरलेला असतो. फुप्फुस बदललं तरी चार-पाच वर्षांत परत तीच धाप. मग लाखो रुपये कशाला घालवायचे?" असा मेसेज फिरतोय. प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षा यादीत नाव असलेल्या माणसाच्या घरीही तो पोचतो, म्हणून हे उत्तर.

"आजार परत येतोच." कोणता आजार? सिस्टिक फायब्रोसिसचा (घट्ट, चिकट कफ साचून फुप्फुस खराब करणाऱ्या जन्मजात आजाराचा) दोष जनुकात असतो आणि नव्या फुप्फुसाच्या पेशी दात्याच्या असतात, म्हणून त्यात हा आजार होत नाही. सायनसमधले जुने जंतू मात्र खाली उतरू शकतात. सारकॉइडोसिस (फुप्फुसात सुजेच्या बारीक गाठी होण्याचा आजार) खरोखर परततो, पण पुष्कळदा तो बायॉप्सीतच, म्हणजे फुप्फुसाचा बारीक तुकडा तपासतानाच सापडतो. रुग्णाला पत्ताही नसतो. कबुतरांच्या विष्ठेमुळे होणारा हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस (ॲलर्जीसारखी फुप्फुसाची सूज) मुंबई-पुण्यात आता अनेकांना ऐकून माहीत आहे. ऑपरेशननंतर कबुतरांचा संपर्क चालूच राहिला, तर तोही उलटू शकतो. तिथे गॅलरीला जाळी लावणं हा उपचाराचाच भाग.

"चार-पाच वर्षांत परत तीच धाप." धाप खरी, कारण चुकीचं. पाच वर्षांत साधारण निम्म्या रुग्णांना सीएलएडी होतो, म्हणजे नव्या फुप्फुसाचं काम कायमचं घटत जातं. याच्या मुळाशी बहुतेकदा शरीराने ते फुप्फुस परकं मानणं असतं. बारीक श्वासनलिकांत व्रण धरत जातात आणि त्या बुजतात. जुन्या आजाराशी याचा संबंध नसतो. हा फरक मी पुन्हापुन्हा सांगते, कारण "आजार परतला, नशीब" म्हणून माणूस घरी बसला की वेळ जातो आणि गेलेली क्षमता सहसा परत मिळत नाही. स्पायरोमेट्रीत जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते, ते मोजतात. स्वतःच्या सर्वोत्तम आकड्यापेक्षा ती २० टक्क्यांनी घटून तशीच राहिली, तर सीएलएडीचा संशय घेतात. तेवढी घटेपर्यंत थांबू नका. आकडा उतरू लागला की लगेच आपल्या प्रत्यारोपण टीमला कळवा. शरीराने नवं फुप्फुस नाकारू नये म्हणून घ्यायच्या टॅक्रोलिमस या औषधाची वेळ चुकवू नका, आणि बरं वाटतंय म्हणून गोळ्या स्वतःच्या मनाने कमी करू नका.

"पैसे कशाला घालवायचे?" १९८३ साली टोरांटोत डॉ. जोएल कूपर यांच्या टीमने पल्मनरी फायब्रोसिस (फुप्फुसात व्रण धरून ते कडक होण्याचा आजार) झालेल्या टॉम हॉल यांना एक फुप्फुस बसवलं. ते त्यानंतर सहा वर्षांहून अधिक जगले. आजही निम्मे रुग्ण सहा-सात वर्षांच्या पुढे जातात. खर्च प्रचंड आहे, औषधं जन्मभराची आहेत, आणि ऑपरेशन नको म्हणण्याचा हक्क रुग्णाला आहेच. पण तो निर्णय त्याने आपल्या आजाराचं नाव आणि आपले रिपोर्ट समोर ठेवून, डॉक्टरांशी बोलून घ्यावा.