दिसलं नाही हो, चष्मा नव्हता

पाचवीत चष्मा लागला तेव्हापासून माझ्याकडे एक हुकमी वाक्य होतं. लग्नकार्यात कुणी मावशी रुसल्या, स्टेशनवर कुणाला ओळख दिली नाही, खालच्या मजल्यावरचे सेक्रेटरी काका हात करत होते तरी मी सरळ लिफ्टमध्ये शिरले, की नंतर फक्त म्हणायचं, "अय्या, दिसलंच नाही हो, चष्मा नव्हता!" उणे सहा नंबर असलेल्या बाईला यावर उलट प्रश्न कोण विचारणार. खरं तर बऱ्याचदा चष्मा पर्समध्ये असायचा आणि काका गेटपासूनच ओळखू यायचे, त्यांची ती बगलेतली फाईल कुठूनही ओळखू येते, पण ते असो.

तर असा चालता-फिरता आधार सोडून मी लॅसिक, म्हणजे लेझरने नंबर घालवायचं ऑपरेशन, करायचं ठरवलं आणि याला जबाबदार डोंबिवली लोकल. सकाळची फास्ट, लेडीज डबा, पावसाळा. चष्म्यावर आधी थेंब, आत शिरल्यावर वाफ, तो पुसायला हात वर नेला तर तो हात खाली आणायला जागा नाही, आणि एक दिवस कुणाच्या तरी छत्रीत चष्म्याची काडी अडकली, छत्री ठाण्याला उतरली आणि तिच्याबरोबर माझा चष्मापण उतरला. मी सीएसएमटीपर्यंत आवाजावरून स्टेशनं ओळखत गेले. त्याच संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं की बास, मला लेझर करायचाय. तो म्हणाला कर, पण खर्च ऐकल्यावर म्हणाला, मग या महिन्याचं मेंटेनन्स पुढच्या महिन्यात भरू, काका काही बोलायचे नाहीत. (हे वाक्य लक्षात ठेवा, मी ठेवलं नाही.)

आईला फोन केला तर ती आधी गाजरावर गेली, मग सकाळी गवतावर अनवाणी चालण्यावर, आणि शेवटी म्हणाली, "अगं आता अडतीसची झालीस, दोन वर्षांत चाळिशी लागेल. पैसे भरून चष्मा घालवायचा आणि परत लावायचा?" आईचं सगळ्यात वाईट म्हणजे ती बरोबर असते. डॉक्टर मॅडमनी पण हेच सांगितलं, जरा सभ्य शब्दांत. लॅसिक बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे कॉर्नियाला, नवा आकार देतं. चाळिशी येते ती आतलं भिंग वयाने कडक होऊन, त्याच्याशी या लेझरला काही देणंघेणं नाही.

आता तपासण्या. आधी दोन आठवडे कॉन्टॅक्ट लेन्स बंद, कारण लेन्सने कॉर्नियाचा आकार बदलतो म्हणे. मग एका मशीनवर हनुवटी टेकवा, दुसऱ्यावर टेकवा, तिसरं डोळ्यात फुस्सकन हवा मारतं आणि मारणार नाही असं वाटत असतानाच मारतं. डोळ्यांत पुरेसं पाणी आहे का बघायला खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं बसवतात, साधारण दहा मिलिमीटर भिजली की तुम्ही पास. माझी डावी पट्टी काठावर पास झाली. नवरा म्हणाला, घरी तर बादली भरते.

पण खरा घाम फुटला तो साध्या जुन्या चष्मा तपासणीत. ती जड फ्रेम नाकावर ठेवतात आणि विचारतात, "एक बरं की दोन? आता बघा, दोन बरं की तीन?" गेली पंचवीस-तीस वर्षं मी या प्रश्नाला अंदाजपंचे उत्तर देत आलेय. चौथ्यांदा विचारलं की मला एक आणि दोन सारखेच दिसतात, पण "सारखं" म्हणायची लाज वाटते, समोरच्या मुलीने एवढी मेहनत घेतलेली असते, मग मी म्हणते "दोन". आजवर काय, चुकलं तर चष्मा बदलून मिळायचा. आता माझं उत्तर कॉम्प्युटरमध्ये जाणार आणि तिथून लेझरने थेट डोळ्यावर कोरलं जाणार! मी तिला विचारलं, मी चुकीचं सांगितलं तर? ती म्हणाली, "मॅम, मशीनची रीडिंग पण घेतो ना आम्ही." म्हणजे मशीनला आधीच माहीत होतं आणि तरी मला विचारत होते. सासूबाई भाजी कोणती करू विचारतात तसं.

मग मॅडमनी कागदावर हिशोब मांडून दाखवला आणि तो मला फार आवडला. माझा कॉर्निया ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त. वरचा ११० मायक्रॉनचा पापुद्रा उचलायचा. एका नंबरला साधारण बारा-तेरा मायक्रॉन घासायचे, माझे सहा, म्हणजे पंचाहत्तरच्या आसपास. खाली २५० तरी उरायलाच हवेत, माझे साडेतीनशे उरत होते. पंचाहत्तर मायक्रॉन म्हणजे किती हो, विचारलं तर म्हणाल्या, "एका केसाच्या जाडीएवढं." ज्याच्यापायी मी सोडावॉटरच्या बाटल्या नाकावर घेऊन फिरले, ज्याच्यापायी दोन स्थळं "मुलगी चांगली आहे, पण" म्हणून गेली, तो नंबर एका केसाएवढा! केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच असावं.

ऑपरेशनच्या दिवशी वेटिंग रूममध्ये नवऱ्याने धीर द्यायला मोबाईलवर वाचून दाखवलं, की या लेझरमागे आपला मद्रासचा माणूस आहे, रंगस्वामी श्रीनिवासन, अमेरिकेत आयबीएममध्ये होते, आणि १९८१ च्या नोव्हेंबरात त्यांनी तो कशावर लावून बघितला असेल तर थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्की पक्ष्यावर. आजूबाजूला न जळता एकदम स्वच्छ काप पडला म्हणे. म्हटलं वा, पुढचा नंबर माझा.

आत गेल्यावर टोपी, गाऊन, बधिर करायचे थेंब. पापण्या मिटू नयेत म्हणून चिमटा लावतात, त्यामुळे डोळे मिटून देवाचं नाव घ्यायची सोय नाही, उघड्या डोळ्यांनीच घ्यावं लागतं. मग डोळ्यावर एक रिंग दाबून बसवतात, आणि काही सेकंद सगळं काळंकुट्ट. पहिला लेझर पापुद्रा कापतो, मग मॅडम तो अशा काही सफाईने उचलतात की मला आमच्याकडच्या घावनाची कड आठवली. एका बाजूला बिजागरीसारखा जोडलेला ठेवतात, नंतर परत मिटायचा असतो ना. "हिरव्या दिव्याकडे बघत राहा." बघते हो, पण पापुद्रा उचलल्यावर तो दिवा दिवा राहतच नाही, पाण्यात सांडलेल्या रंगासारखा पसरतो. मग दुसरा, घासणारा लेझर. त्याचं मशीन म्हणे डोळ्याच्या मागे मागे फिरतं आणि डोळा फारच सरकला तर आपोआप थांबतं, एवढी चिकाटी आमच्याकडे फक्त सेक्रेटरी काकांत. तेवढ्यात टकटकटक आवाज आणि केस जळल्याचा वास. मॅडम म्हणाल्या, वास येणार, जळत काही नाहीये. आणि मी काय विचार करत होते माहितीये का? की त्या दिवशी मी "दोन" म्हणाले ते खरंच दोन होतं का कंटाळून म्हणाले होते.

दोन्ही डोळे पंधरा-वीस मिनिटांत उरकले. पुढचे चार तास कांदे चिरल्यासारखे गेले, मग झोपले. दुसऱ्या दिवशी तपासणीत शेवटून दुसरी ओळ वाचली, आणि शपथेवर सांगते, अंदाज न करता. मग आठवडाभर डोक्यावरून न्हायचं नाही, डोळे चोळायचे नाहीत, रात्री प्लास्टिकच्या ढाली चिकटवून झोपायचं, फोडणीच्या धुरात जायचं नाही (हा नियम मी महिनाभर पाळला), मोबाईलवर थेंबांचे इतके अलार्म की बँडवाल्याची सुपारी घेतल्यासारखं वाटायचं. रात्री गाड्यांच्या दिव्यांभोवती देवाच्या फोटोसारखी वलयं दिसायची, रिक्षावालेसुद्धा पुण्यवान वाटले, हळूहळू ते कमी झालं.

काळा गॉगल होता तोवर ठीक होतं. तो सुटला त्याच रविवारी लिफ्टपाशी काकांनी हात केला. सवयीने माझ्या तोंडून निघालं, "अय्या काका, दिसलंच..." आणि मी तिथेच थांबले. ते एवढे हसले. "आता कसं दिसत नाही? सगळ्या बिल्डिंगला माहितीये तुझं लेझर झालंय. चल, मीटिंग सुरू होतेय."

गच्चीवर चाळीसेक माणसं, पहिला विषय थकबाकी. काकांनी फाईलमधून यादी काढली, हात लांब करून बघितली, आणखी लांब केली, मग खिसे चाचपले आणि सगळ्यांसमोर कागद माझ्या हातात दिला. "चाळिशी घरी राहिली बघ. तूच वाच, मोठ्याने."

अक्षरं इतकी बारीक होती, पण काय सांगू, एकदम स्वच्छ. पहिलं नाव वाचलं, दुसरं वाचलं. तिसरं आमचं होतं.