फळी छान लावलीत हो

"फळी छान लावलीत हो," खालच्या मजल्यावरचे काका काल लिफ्टमध्ये म्हणाले. नवऱ्याला.

लिफ्टमध्ये मीही होते. माझ्या उजव्या हाताच्या तळव्यावर अजून ड्रिलचा फोड होता आणि दोनदा डोकं धुऊनही केसांच्या मुळाशी विटेचा भुगा होता. नवऱ्यानं काय करावं? निदान माझ्याकडे बोट तरी दाखवावं. तो म्हणाला, "थँक्यू, काका." तेही मान जराशी झुकवून, सत्कार स्वीकारल्यासारखं.

त्याचं म्हणणं, दोन मजल्यांत एवढं कुठं समजावत बसायचं. दोन मजल्यांत "हिनं लावली" हे दोन शब्द बसतात. मी मनातल्या मनात म्हणून पाहिले. आठ वेळा बसले.

फळी लेकीच्या पुस्तकांसाठी. नव्वद सेंटिमीटर लांब, दोन ब्रॅकेट, चार भोकं. बस, एवढंच काम.

आमच्या घरात "यातून काहीतरी करता येईल" एवढं म्हटलं की कुठल्याही कचऱ्याला जीवदान मिळतं. टिश्यूपेपरच्या पुठ्ठ्याच्या नळ्या आहेत, खोकी आहेत, खोक्यांत आणखी नळ्या आहेत. दोन वर्षांपूर्वी लेकीनं केलेल्या भेटकार्डावरची चमकी अजून अधूनमधून नवऱ्याच्या कानामागे उगवते. हा नवराही तसा उत्साही प्राणी, पण त्याचा उत्साह वस्तूंना मानवत नाही. मागच्या खेपेला त्यानं कपाचा तुटलेला कान चिकटवायला घेतला. इन्स्टंट ग्लू म्हणजे सायनोअॅक्रिलेट. ते ओलाव्यानं घट्ट होतं, आणि कपाच्या कोरड्या कानापेक्षा माणसाच्या बोटांवर ओलावा जास्त. हॅरी कूव्हर नावाच्या रसायनतज्ज्ञाला ते १९४२ मध्ये बंदुकीच्या दुर्बिणीसाठी पारदर्शक प्लास्टिक शोधताना सापडलं, तेव्हा सगळ्यालाच चिकटतं म्हणून बाजूला ठेवलं गेलं होतं. नवऱ्याला कप बाजूला ठेवता येईना, म्हणून तो चाळीस मिनिटं कप धरून घरभर फिरला. शेवटी माझ्या नेलपॉलिश रिमूव्हरनं सुटका केली. तेव्हापासून घरात अलिखित करार आहे: भोक पाडायचं ते मी, खाली पाकीट धरायचं ते त्यानं.

पाकीट म्हणजे खरोखरचं पाकीट. कागदी पाकीट उघडून भोकाच्या खाली मास्किंग टेपनं चिकटवलं की भुगा त्यात पडतो. चिकटवलेलं पाकीट हातानं धरायची गरज नसते. पण त्याला काहीतरी काम हवं ना.

पहिल्या भोकालाच बेल वाजली. डोळ्यांवर गॉगल, हातात ड्रिल, अशा अवतारात मी दार उघडलं. दारात काका.

"साहेब आहेत का घरात?"

"आहेत."

"नाही, ड्रिलिंगचा आवाज आला, म्हटलं बघावं काय काढलंय साहेबांनी."

ड्रिल माझ्या हातात होतं. ते अजून गरम होतं. मी ते थोडं वरही केलं, की दिसावं. काका त्याच्या शेजारून आत आले आणि स्टूल ओढून बसले. तक्रार करायला आले असते तर परवडलं असतं. तक्रारदार माणूस लवकर जातो.

"बिट कितीचा लावलाय?" काकांनी नवऱ्याला विचारलं. बिट म्हणजे ड्रिलला लावायची, भोक पाडणारी सळई.

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. "सहा मिलिमीटरचा," मी म्हटलं.

"सहाचा आहे, काका," नवरा म्हणाला.

"सहाचा चालेल," काका नवऱ्याला म्हणाले. "पण लोखंडाचा नाही ना?"

"नाही, भिंतीचाच आहे. टंगस्टन कार्बाइडच्या टोकाचा," मी.

"भिंतीचा घ्यायचा बरं का," काका नवऱ्याला. "लोखंडाचा घेतलात तर टोक जळतं. फार लोक फसतात."

"अच्छा," नवरा म्हणाला. त्याला हे खरंच नवीन होतं.

पुढचा तास-दीड तास हे असं चाललं. प्रश्न नवऱ्याला, उत्तर माझं, पोच नवऱ्याला. मधे हा दुभाष्या, ज्याला दोन्हीपैकी एकही भाषा येत नव्हती. एकदा काकांनी विचारलं, "खोली किती घेताय?" तर हा म्हणाला, "हीच खोली, काका, लेकीची." भोकाची खोली, राजा! ती कळावी म्हणून मी बिटवर पन्नास मिलिमीटरला निळी चिकटपट्टी गुंडाळली होती. ती पट्टी त्याला सकाळपासून सजावट वाटत होती.

मी ड्रिल हॅमरवर, म्हणजे ठोके देत फिरण्यावर, न टाकता हळू सुरुवात केली. गिलाव्यात बिटाला आधी जागा करून द्यायची, ते घसरेनासं झालं की मग हॅमर. काका नवऱ्याकडे वाकून, मी खोलीतच नसल्यासारखे म्हणाले, "सूनबाई घाबरतायत वाटतं. त्यांना सांगा, जोर लावा."

मी यांची सूनबाई कधी झाले? मला एक सासरे आहेत. ते मला नावानं हाक मारतात आणि ड्रिलमधलं आपल्याला काही कळत नाही हे मोकळेपणानं कबूल करतात. असे सासरे असताना आणखी एक कोण घेईल?

मग काकांनी प्लग उचलला. विजेचा नव्हे, स्क्रूच्या आधी भोकात बसवायचा. करड्या रंगाचा, नायलॉनचा, करंगळीच्या पेराहून जरा लांब. "हे प्लास्टिक काय टिकणार? आम्ही लाकडाची खुंटी तासून ठोकायचो. कार्यालयाच्या घड्याळाची खुंटी मीच ठोकली होती." इथं मला राहवलं नाही, कारण या प्लगवर माझा जीव आहे. याला कारागीर रावल प्लग म्हणतात, आणि कितीतरी वर्षं मला वाटायचं की हे कुणा रावल आडनावाच्या गृहस्थांचं काम. निघाले जॉन जोसेफ रॉलिंग्ज नावाचे इंग्रज. १९११ च्या सुमारास त्यांना ब्रिटिश म्युझियमच्या भिंतींवर विजेची उपकरणं भिंत न विद्रूप करता बसवायची होती, म्हणून त्यांनी तागाचा प्लग केला. त्याआधी जगभर काकांचीच पद्धत: भिंत खोदा, खुंटी ठोका, मग खुंटीपेक्षा मोठं झालेलं भोक बुजवत बसा. नायलॉनचा प्लग आणला जर्मनीच्या आर्टुर फिशरनं, १९५८ मध्ये. स्क्रू आत शिरला की प्लगचे दोन पाय फाकतात आणि भिंतीला आतून रेटून बसतात. स्क्रू आवळाल तितका घट्ट. या माणसाच्या नावावर हजाराहून जास्त पेटंटं होती आणि मुलांना खेळायला बटाट्याच्या स्टार्चचे रंगीत तुकडेही त्यानंच केले, जे ओले करून एकमेकांना चिकटतात. आमच्या घराचं तर कुलदैवतच व्हायचा.

हे सगळं मी सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकलं आणि नवऱ्याला म्हणाले, "वाचन दांडगं आहे हो यांचं."

फळी बसली. मी दोन पावलं मागे जाऊन बघत होते. बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात काका म्हणाले, "पाणसळ लावली होती का?"

पाणसळ, म्हणजे सरळपणा तपासायची बुडबुड्याची पट्टी, नव्हती. मी पाण्याच्या नळीनं खुणा केल्या होत्या. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, दोन्ही टोकं भिंतीला धरायची. नळीत मधे हवेचा फुगा अडकलेला नसला की दोन्हीकडचं पाणी एकाच उंचीवर येऊन थांबतं. त्याला दुसरा इलाजच नसतो. पाणी नीट दिसावं म्हणून लेकीनं त्यात ब्रश बुडवून ते निळं करून दिलं होतं आणि एक टोक तिनं श्वास रोखून धरलं होतं. घरातलं त्या दिवसातलं सर्वांत गंभीर काम तेच.

"नळीनं?" काका हसले. नवराही हसला. त्याला मी नंतर विचारलं, का हसलास? म्हणाला, ते हसले म्हणून.

काका खाली जाऊन पाणसळ घेऊन आले. एका जुन्या पायमोज्यात घातलेली. फूटभर लांब, पिवळी, मधे हिरवट द्रवाची काचेची नळी. त्यांनी ती तान्ह्या बाळासारखी फळीवर ठेवली, चष्मा कपाळावर चढवला आणि खाली वाकले.

"बुडबुडा डावीकडे आहे."

खोलीत शांतता. खरंच होता. दोन रेघांच्या मधे बसण्याऐवजी डावीकडच्या रेघेला नाक घासत उभा होता.

"म्हणजे डावी बाजू वर आहे," काका नवऱ्याला म्हणाले. "तीनेक मिलिमीटर. नळीनं असंच होतं. वाईट वाटून घेऊ नका, पहिल्यांदा होतं असं."

ही माझी पहिली फळी नव्हती. सातवी होती. पण मला तोंड उघडायची सोय राहिली नव्हती, कारण बुडबुडा काचेत दिसत होता आणि निळं पाणी केव्हाच बेसिनमध्ये गेलं होतं. खरं सांगायचं तर मलाही वाटलं, चुकलं असेल. दीड तास समोरचा माणूस आपल्याला शून्य धरून हिशेब करत असला की आपणही स्वतःला शून्यच धरायला लागतो. याचा मला त्या तिरक्या बुडबुड्यापेक्षा जास्त राग आहे.

ब्रॅकेटची भोकं लंबगोल असतात ती याचसाठी. स्क्रू ढिला करा, ब्रॅकेट थोडा वर-खाली सरकवा, पुन्हा आवळा. मी स्क्रूड्रायव्हर उचलला. काकांनी तो माझ्या हातातून अलगद घेतला आणि नवऱ्याला दिला. "हं, साहेब. उजवीकडचे ढिले करा."

साहेबांनी ढिले केले. काका बुडबुड्यावर डोळा लावून सांगत होते, "अजून... अजून... थांबा... हां! आला! आला!" प्रसूतिगृहाच्या बाहेर उभे असल्यासारखे. नवऱ्यानं स्क्रू आवळले. एका फळीसाठी त्यानं केलेलं काम मोजायचं तर चार अर्धे वळसे. काकांनी त्याची पाठ थोपटली, पाणसळ विसरून ते खाली गेले, आणि दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये जे म्हणाले ते वर लिहिलंच आहे.

२०१२ मध्ये अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी 'आयकिया इफेक्ट' नावाचा निबंध लिहिला. आयकिया म्हणजे घरी नेऊन स्वतः जोडायचं फर्निचर विकणारी कंपनी. माणसं स्वतः जोडलेल्या खोक्याला, स्वतः दुमडलेल्या कागदी पक्ष्याला नाहीतर बेडकाला अवाजवी किंमत देतात. म्हणजे त्यांच्या मोडक्या बेडकाची किंमत ती जवळजवळ तज्ज्ञाच्या बेडकाएवढी सांगतात. त्यांना असंही दिसलं की काम अर्धवट राहिलं किंवा केलेलं मोडून टाकलं की ही माया आटते. काम पुरं होऊन श्रेय शेजारच्या माणसाला गेलं तर काय होतं, हे त्यांनी तपासलं नाही. माझ्याकडे आले असते तर एका फेरीत काम झालं असतं.

काल संध्याकाळी लेक फळीसमोर बसून खेळत होती. पुस्तकं खाली, फळी रिकामी. मोठ्या कौतुकाची गोष्ट, सगळं करून पुस्तकं जमिनीवरच. तिनं फळीच्या उजव्या टोकाला एक गोटी ठेवली. गोटी क्षणभर थांबली आणि मग रमतगमत डावीकडे निघाली. टप्. तिनं पुन्हा ठेवली. पुन्हा डावीकडे. टप्. "आई, ही आपोआप जाते!" ती आनंदानं ओरडली. आमच्या घरातली पहिली वस्तू, जी दिल्या कामापेक्षा जास्त काहीतरी करते.

डावीकडे? पण काकांच्या हिशेबानं डावी बाजू आता बरोबर व्हायला हवी होती.

मी पायमोज्यातून पाणसळ काढली आणि फळीवर ठेवली. बुडबुडा मधोमध, साळसूद. मग मी तिला उचलून उलटी केली, म्हणजे डावं टोक उजवीकडे, आणि त्याच जागी ठेवली. चांगली पाणसळ कशीही ठेवा, बुडबुडा तीच गोष्ट सांगतो. काकांचा बुडबुडा तडक उजव्या टोकाला जाऊन बसला. म्हणजे तो इतकी वर्षं मनाला येईल ते सांगत होता, आणि काका ते लोकांना ऐकवत होते. आमची फळी सरळ होती. निळ्या पाण्यानं सरळ होती, लेकीनं रोखलेल्या श्वासानं सरळ होती. ती तिरकी केली ती नवऱ्याच्या चार अर्ध्या वळशांनी.

मी नवऱ्याला बोलावून दोन्ही बाजूंनी दाखवलं. त्यानं बराच वेळ बुडबुड्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "असू दे ना. तीन मिलिमीटर तर आहे."

फळी मी रात्रीच पुन्हा सरळ केली. लेकीनं सकाळी गोटी ठेवली, ती जागची हलेना, तर घरात रडारड. आता तिला तिरकी फळी हवी आहे. नळ्या आहेतच, गोट्यांसाठी उतारांची एक भिंत करू म्हटलंय.

साडेनऊला बेल वाजली. काका. "साहेब आहेत का? माझी पाणसळ राहिली. वरच्या मजल्यावर पडद्याचा दांडा बसवतायत, म्हटलं जरा बघून येतो."

साहेब अंघोळीला गेले होते. मी पाणसळ फडक्यानं पुसली, पायमोज्यात घातली आणि दोन्ही हातांनी दिली.