समेची वाट पाहताना

भारतीय आणि इलेक्ट्रॉनिक संगीताच्या मिलाफाचा एक डब रीमिक्स अल्बम मी मोठ्या उत्साहाने ऐकायला घेतला आणि गायिकेची वाट पाहत बसलो. पहिल्याच रचनेत तिने मुखड्याचे चार शब्द म्हटले, पाचवा अर्धाच उच्चारला आणि त्या अर्ध्या शब्दाचे प्रतिध्वनी एकामागून एक क्षीण होत विरून गेले. पुढची पाच मिनिटे बाई फिरकल्याच नाहीत. नेटवर्क गेले असावे, अशा समजुतीने मी दोनदा फोन तपासला.

दोष फोनचा नव्हता, घराण्याचा होता. १९६०च्या दशकाच्या अखेरीस जमैकातील किंग्स्टन शहरात गाण्यातून गायकाला वगळायचे आणि उरलेले ड्रम व बास रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूवर द्यायचे, अशी रीत पडली. किंग टबी या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञाने पुढे तिची कला केली, तीच डब. आपल्याकडे साथीदाराने गायकाच्या तोंडाकडे पाहायचे असते. डबमध्ये गायकाने तोंड केव्हा मिटायचे हे मिक्सरवर बसलेला मनुष्य ठरवतो. (टबीच्या घरगुती स्टुडिओत गायकांना न्हाणीघरात उभे करून ध्वनिमुद्रण होत असे, म्हणतात. न्हाणीघरात आपण सारेच गातो, परंतु कोणी मुद्रण करीत नाही, हे ऐकणाऱ्यांचे नशीब.)

डबचा प्राण बासमध्ये असतो आणि फोनच्या इवल्या स्पीकरला बास झेपत नाही, म्हणून मी भाच्याकडून त्याचा कमरेएवढा स्पीकर मागून आणला. पन्नास हर्ट्झच्या स्वराची एक लहर जवळजवळ सात मीटर लांब असते, तर आमची खोली जेमतेम चार मीटर. उरलेली लहर कोठे जाते, हे खालच्या मजल्यावरच्या काकांनी दहाव्या मिनिटाला वर येऊन सांगितले. "गाणं काही ऐकू येत नाही हो, नुसतं कपाट हलतंय," असे ते म्हणाले. भिंती उंच स्वर अडवतात आणि खर्ज सोडून देतात, त्यामुळे काकांना गाळीव, अस्सल डब ऐकायला मिळत होता. परंतु हे त्यांना सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. मी आवाज थोडा कमी केला.

खरी परीक्षा बाबांची होती. उमेदीत ते तबला शिकले आहेत, त्यामुळे मांडी घालून, डोळे मिटून ते बोटांवर तीनताल मोजू लागले. तबल्याचा एक 'धा' पडे आणि प्रतिध्वनीच्या यंत्रातून त्याचे पाच होऊन बाहेर येत. सोळा मात्रा कधी एकोणीस भरत, कधी संपतच नसत. तानपुरा तेवढा सुखरूप होता. जवारीमुळे ज्याचा एकेक स्वर मुळातच गुंजत राहतो, त्याला प्रतिध्वनीचे काय भय? ही सोयरीक मला मनापासून पटली. बाबांना इतरही पटावे म्हणून मी लंडनच्या तलविन सिंग यांचा दाखला दिला. तबला आणि इलेक्ट्रॉनिक संगीत एकत्र बांधणाऱ्या त्यांच्या अल्बमला १९९९ मध्ये ब्रिटनचे मर्क्युरी पारितोषिक मिळाले होते. त्यावर "परीक्षकांनी मात्रा मोजल्या होत्या का?" एवढेच बाबांनी विचारले.

सातव्या रचनेत सारंगी आली, गेली, तबला गेला, शेवटी बासही गेला आणि खोलीत अशी शांतता पसरली की बाबांची मान प्रथमच डोलली. "वा! ही जागा चांगली घेतली," ते म्हणाले. आम्ही दोघे श्वास रोखून समेची वाट पाहू लागलो. तीन-चार मिनिटांनी बाबांनी डोळे उघडून वर पाहिले, तेव्हा पंखाही थांबलेला होता. खालून काकांनी मात्र वीज गेल्याच्या पहिल्याच क्षणी मोठ्याने "आभारी आहे" म्हटले होते. आम्हाला वाटले, गायिका परतली.