‘नुसतं रंगवलंय’ म्हणणाऱ्या वाचकांना

मॉडेल रॉकेटची नळी आणि पंख आधी रंगवावेत, मग चिकटवावेत, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर टोपणनावाने आपली प्रतिक्रिया आली, ती अशी: रंगावर गोंद धरत नाही हे शाळकरी पोरालाही कळतं. सी वर्गाचं जोरदार इंजिन लावलं की हे पंख गळून पडतील. आधी रंगवलं तर सांध्याच्या कोपऱ्यात मजबुतीसाठी देतात ती गोंदाची गोलाई भरणार कुठे. आणि शेवटी, ‘लेखकाने रॉकेट कधी उडवलंय, की नुसतं रंगवलंय?’

मतभेद असू द्यात, त्याला माझी ना नाही. पण हे शेवटचं वाक्य लिहायची काय गरज होती? मुद्दा त्याच्या आधीच संपला होता.

आणि ‘नुसतं’ म्हणजे काय हो? रंगवणं हे रिकामटेकड्यांचं काम? म्हापशाला माझ्या मामांची गणपतीची चित्रशाळा होती. श्रावणात बाहेर पाऊस कोसळतोय, आत मूर्ती वाळता वाळत नाहीत, आणि कुणी घाईने वरून कोरडी दिसणाऱ्या मातीवर रंगाचा हात फिरवला की पुढे त्याचा पापुद्रा कसा सुटतो, हे मी अर्ध्या चड्डीत असल्यापासून बघतोय. डोळ्यांची आखणी मामा कुणाला करू देत नसत. माझ्या वाट्याला पितांबराचा पिवळा आणि उंदीर. रंग कशाला धरतो नि कशाला सोडतो, हे मला टोपणनावाने कुणी शिकवू नये, एवढंच म्हणणं आहे.

राहिला गोंद. रंगावर फेविकॉल धरत नाही, हे खरंच. तो नळीच्या कागदाच्या आणि पंखाच्या बाल्साच्या, म्हणजे हलक्या लाकडाच्या, तंतूंत मुरतो तेव्हा पकड घेतो. मध्ये रंग आला की गोंद रंगाला धरतो आणि सगळा भार त्या पापुद्र्यावर येतो. यात वाद आहे कुठे? पण ‘सांध्याची जागा झाकून’ असं मी लेखात स्पष्ट लिहिलं होतं. ते तीन शब्द तुम्ही गाळलेत आणि उरलेल्याशी भांडलात.

पुन्हा सांगतो. नळीवर पंखाची रेघ आखायची. पंखाच्या जाडीहून किंचित अरुंद अशी मास्किंग टेपची पट्टी त्या रेघेवर, आणि पंखाच्या बुडाच्या कडेलाही टेप. लाकडाची छिद्रं बुजवणारा सीलर, प्रायमर, रंग, सगळं त्यानंतर. टेप काढली की खाली नळीचा तुकतुकीत कागद दिसतो. त्याच्यावर बारीक पॉलिश पेपर फिरवून चमक घालवायची. मग दोन्हीकडे गोंदाचा पातळ हात, तो वाळू द्यायचा, वर दुसरा हात देऊन दाबून धरायचं. लगेच पकड येते, आणि पट्टी अरुंद असल्यामुळे उघडा कागद पंखाखाली झाकला जातो.

एवढा खटाटोप कशासाठी, तर बाल्साचा पंख टेबलावर आडवा ठेवून घासणं सोपं. नळीला चिकटल्यावर दोन पंखांच्या बेचक्यात ना पॉलिश पेपर नीट फिरत, ना स्प्रे पोचत. पोचला तर ओघळतो. (सीलर दोन्ही बाजूंना लावा, एकाच बाजूला लावला तर पंख वाकतो.) शिवाय जून ते सप्टेंबर आमच्या गोव्यात हवा अशी दमट, की लॅकरच्या स्प्रेवर पांढुरकी झाक चढते. ती घासून पुन्हा रंगवायचं काम जोडलेल्या रॉकेटवर एकदा करून बघा, मग बोलू.

हां, एकरंगी साधं रॉकेट असेल तर आधी चिकटवून मग रंगवणंच सोयीचं. तेवढं तुमचं बरोबर.

सी इंजिनाची भीती मला घालू नका. सी म्हणजे इंजिनाचा एकूण आवेग ५ ते १० न्यूटन-सेकंद, बी वर्गाच्या दुप्पट, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. आम्ही सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या माळावर, उडवतो. तिथे पंख मोडतात ते वर जाताना नव्हे, खाली जांभ्यावर आपटल्यावर. मोडलेला पंख हातात घेऊन बघा: बाल्सा आडवा फाटलेला असतो आणि बुडाची चिंधी नळीला घट्ट चिकटलेली. रंगावर चिकटलेला असता तर अख्खा निघून आला असता.

गोलाईचा प्रश्न निराळा. त्यावर सवडीने लिहीन. प्रतिक्रियेत उरकण्यासारखा तो विषय नाही.

तुम्ही वयाने मोठे असाल तर राग मानू नका. पण बाब, पुढच्या वेळी आधी लेख पूर्ण वाचा. आणि तुमचा एखादा पंख खरोखरच गळाला, तर तो लाकडात तुटला की सांध्यात, आणि सांध्याला टेप लावली होती की नव्हती, तेवढं बघून मगच लिहा.