ओलंड म्हणे फिनलंडमधला वेगळा देश!

बाल्टिक समुद्रातल्या ओलंड बेटांविषयी एक मजकूर फोनाफोनी फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: 'फिनलंडच्या पोटात एक वेगळाच देश आहे. स्वतःचा झेंडा, स्वतःची पोस्टाची तिकिटं, सैन्य नाही, कर नाही, फिनिश माणसाला तिथे जमीन मिळत नाही. आणि हे सगळं तिथल्या लोकांनी लढून मिळवलं.' झेंडा (1954) आणि तिकिटं (1984) खरी आहेत. बाकीचं जरा तपासूनच घ्यावं लागेल.

'लढून मिळवलं' हेच मुळात उलटं आहे. स्वीडिश बोलणाऱ्या ओलंडकरांना स्वायत्तता नकोच होती, त्यांना स्वीडनमध्ये जायचं होतं. तेव्हा फिनलंड आणि ही बेटं रशियाच्या ताब्यात होती; 1917 मध्ये रशियन साम्राज्य ढासळू लागलं तशी ही मागणी त्यांनी थेट स्वीडनच्या राजापुढे नेली. फिनलंडच्या संसदेने 1920 मध्ये स्वायत्ततेचा कायदा केला, तो यांनी नाकारला. युलियस सुंडब्लूम आणि कार्ल ब्यॉर्कमन या दोन पुढाऱ्यांना तर देशद्रोहाच्या आरोपाखाली अटकच झाली. प्रकरण राष्ट्रसंघाकडे (आजच्या संयुक्त राष्ट्रांच्या आधीची संघटना) गेलं आणि जून 1921 मध्ये निकाल लागला: बेटं फिनलंडचीच, मात्र स्वीडिश भाषा, जमीन आणि स्थानिक परंपरा जपण्याची हमी फिनलंडने द्यायची. मागितलं एक, पदरात पडलं भलतंच. गंमत पुढे आहे. 1922 मध्ये विधिमंडळ भरलं, तेव्हा सभापती झाले सुंडब्लूम आणि सरकारचे प्रमुख झाले ब्यॉर्कमन!

जमिनीचं म्हणाल, तर तिथे 'हेमबिग्ड्सरेट' लागतो, आपल्या भाषेत गावकीचा हक्क म्हणा. विधिमंडळासाठी मत द्यायलाही तोच लागतो. बाहेरून आलेल्याला तो मिळवायचा तर पाच वर्षं तिथे राहायचं, स्वीडिश नीट यायला हवी आणि नागरिकत्व हवं फिनलंडचं. ही शेवटची अट मजकुरात कुठेच नाही! म्हणजे हेलसिंकीचा माणूस या वाटेने गावकर होऊ शकतो, पण स्टॉकहोमचा माणूस स्वीडिश घरातच बोलत असला तरी फिनलंडचा नागरिक झाल्याशिवाय नाही. हक्क नसलेल्याला जमिनीसाठी परवानगीचा अर्जही करता येतो. उलट ओलंडकरच पाच वर्षं बाहेर राहिला तर त्याचा हक्क जातो.

'कर नाही' ही थाप बहुधा फेरीबोटींवरून आली असावी. 1995 मध्ये फिनलंड युरोपीय संघात गेला तेव्हा ओलंड संघाच्या मूल्यवर्धित कराच्या हद्दीबाहेर राहिलं, म्हणून तिथे थांबणाऱ्या बोटींवर करमुक्त विक्री चालते. बेटांवरचा रहिवासी मात्र फिनलंडला प्राप्तिकर भरतो. शिवाय मुख्य भूमीवरून माल आणायचा तर मध्ये करसीमा येते, त्या कागदपत्रांचा ताप दुकानदाराला.

सैन्य नाही हे खरं, पण त्याचा स्वायत्ततेशी संबंध नाही. क्रिमियन युद्धात इंग्रज-फ्रेंचांनी ओलंडवरचा रशियाचा बोमारसुंद किल्ला पाडला आणि 1856 मध्ये इथे पुन्हा तटबंदी न करण्याचं रशियाकडून लिहून घेतलं. तेव्हा स्वायत्तता कुणाच्या स्वप्नातही नव्हती.

राहता राहिला 'देश'. शाळा, आरोग्य, पोलीस ओलंडचे. न्यायालयं, सीमाशुल्क, परराष्ट्र धोरण फिनलंडचं. विधिमंडळाने आपल्या अधिकाराबाहेर जाऊन कायदा केला, तर तो रद्द करण्याचा अधिकार फिनलंडच्या राष्ट्राध्यक्षांना आहे. मात्र स्वायत्ततेचा कायदा फिनलंडलाही एकट्याने बदलता येत नाही, त्याला ओलंडच्या विधिमंडळाचं दोन-तृतीयांश बहुमत लागतं. मजकुरात टाकण्यासारखी गोष्ट खरं तर ही होती.