टोचन केलेल्या गाडीत मागे कोणाला बसवता?

आज पुलाच्या चढावर दोन गाड्या दिसल्या. पुढची चालू, मागची बंद, मध्ये गाठी मारलेली नायलॉनची दोरी. बंद गाडीच्या स्टिअरिंगवर एक कोवळी मुलगी, चेहरा पांढराफटक. आणि पुढचा गृहस्थ फोनवर बोलत निघालेला. माझं डोकंच फिरलं. अजून शांत झालेलं नाही, म्हणून लिहितेय.

मला नुकतंच लायसन्स मिळालं होतं तेव्हाची गोष्ट. रात्री बाबांची गाडी बंद पडली. काकांनी आपल्या गाडीला दोरी बांधली आणि मला म्हणाले, "तू मागे बस. तुला नुसतं चाक तर धरायचंय." बाबा काकांच्या शेजारी जाऊन बसले. दोन मुरलेले ड्रायव्हर पुढच्या गाडीत आणि मी एकटी मागे!

नुसतं चाक धरायचंय म्हणे. अहो, इंजिन बंद असलं की ब्रेकच्या बूस्टरला जोर मिळत नाही. एक-दोनदा पाय दाबला की साठलेला जोर संपतो आणि पेडल दगडासारखं होतं. पॉवर स्टिअरिंगही गेलेलं असतं, वळणावर चाक फिरवताना खांदे भरून येतात. किल्ली काढून घेतली तर स्टिअरिंग लॉकच होतं. त्या रात्री किल्ली काकांच्या खिशात होती! निघता निघता बाबांना आठवलं म्हणून बरं.

पुढे उतार लागला. माझी गाडी त्यांच्या गाडीवर जायला लागली, दोरी सैल पडली. मी दोन्ही पाय ब्रेकवर घातले. गाडी थांबली, दोरीला असा हिसका बसला की माझी मान दुखावली. काकांना पत्ताच नाही. हॉर्न वाजवला तर त्यांना वाटलं, सगळं ठीक आहे असं सांगतेय.

टोचनमध्ये खरं काम मागच्याचं असतं. पुढच्याने हळू, एका वेगाने चालायचं. दोरी ताणलेली ठेवायची, हलका ब्रेक लावत राहायचं, वळण आधीच ओळखायचं, हे सगळं मागच्याने. मग तिथे शिकाऊ पोर का? "मुख्य" माणूस पुढे, उरलेला मागे, हा हिशेबच मला संताप आणतो. आणि उरलेली बहुतेक वेळा घरातली मुलगी नाहीतर बायको असते.

मान्य, आडरस्त्यावर क्रेन लगेच मिळत नाही. थोडं अंतर जपून नेलं तर चालतं, तेही मान्य. पण ऑटोमॅटिक गाडी अशी ओढू नका. तिच्या गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप बहुधा इंजिनवर चालतो, न्यूट्रलला टाकून ओढत राहिलात तर गिअरबॉक्स आतून जळू शकतो. इलेक्ट्रिक गाडीही चाकं जमिनीवर ठेवून ओढायची नाही, सपाट ट्रकवर चढवायची. अमेरिकेत चॅटनूगाच्या अर्नेस्ट होम्स या गॅरेजवाल्याने १९१६ साली टो-ट्रक बनवला, तो ओढ्यात पडलेली मोटार दोऱ्या आणि माणसांच्या बळावर काढताना झालेल्या हालांमुळेच. शंभर वर्षं उलटून गेली, आपण अजून जुन्या दोरीला गाठी मारतोय.

बाबांवर माझा राग नाही. अंधार होता, आई घरी वाट पाहत होती, त्यांना लवकर पोचायचं होतं. मान धरून बसलेली मला पाहिल्यावर उरलेला रस्ता ते स्वतः मागच्या गाडीत बसले, एक अक्षर न बोलता. काका मात्र आजही म्हणतात, "पोचलो ना सगळे?" पोचलो, काका. बाबा मागे आले म्हणून पोचलो.

आज रात्रीच डिकीतला टो-हूक, म्हणजे दोरी अडकवायची लोखंडी कडी, शोधून ठेवा. बहुतेक गाड्यांत तो स्टेपनीजवळच्या हत्यारांत असतो, बंपरवरचं छोटं झाकण काढून आट्यांत बसवायचा. काहींचे आटे उलटे असतात, जोर लावण्याआधी बघा. बंपरला किंवा सस्पेन्शनला दोरी बांधू नका. निघण्याआधी थांबण्याची खूण दोघांनी ठरवा, पार्किंगचे दिवे लावा. दोरी ताणलेली असताना मधून कुणालाही जाऊ देऊ नका, ती तुटली तर उलटी येऊन बसते. आणि मागच्या गाडीत तुमच्यातला सगळ्यात मुरलेला ड्रायव्हर बसवा.