बिलाचे बारा मानकरी

ग्राहकाने माल मागितला की धंद्याच्या सॉफ्टवेअरने करायचं काय असतं? गोदामातला साठा कमी करायचा, बिल फाडायचं, ग्राहकाच्या नावे उधारी मांडायची. आमच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये हे सगळं एकाच डेटाबेसात, एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये उरकायचं. शेवटी 'कमिट' म्हटलं की झालं. मध्येच काही बिनसलं तर 'रोलबॅक', की काही घडलंच नव्हतं. ही केवढी चैन होती हे ती गेल्यावर कळलं.

मग वरून हुकूम आला की आता सगळं 'डिस्ट्रिब्युटेड' करायचं. साठ्याची सर्व्हिस, म्हणजे तेवढंच एक काम करणारा छोटा प्रोग्रॅम, वेगळी, बिलाची वेगळी, उधारीची वेगळी, जीएसटीची वेगळी, नुसते एसएमएस पाठवणारी आणखी एक. मोजत गेलो तेव्हा एका बिलाला बारा सर्व्हिसेसचा हात लागत होता. प्रत्येकीचा डेटाबेस स्वतंत्र, आणि एकमेकींशी बोलणं फक्त नेटवर्कवरून. हे आम्हाला शिकवायला एक ट्रेनर नेमला. वयाने माझ्या नोकरीएवढा. मला अदबीने 'सर' म्हणायचा आणि दर दोन वाक्यांनी 'मेक्स सेन्स?' विचारायचा. न कळता मान डोलवायची सवय मीटिंगांनी लावलेलीच होती, ती कामी आली.

पहिल्याच स्लाइडवर संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांची १९८७ सालची व्याख्या होती. डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम म्हणजे काय, तर जो कॉम्प्युटर अस्तित्वात आहे हेही तुम्हाला ठाऊक नाही, तो बंद पडला म्हणून तुमचा कॉम्प्युटर निकामी होतो ती. वर्गात सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण हे करायला आम्ही चांगलं बजेट मंजूर करून घेतलं होतं.

दुसऱ्या स्लाइडवर नव्या माणसाच्या भाबड्या समजुती होत्या. सन मायक्रोसिस्टिम्स या कॉम्प्युटर कंपनीतल्या मंडळींनी नव्वदच्या दशकात केलेली यादी. त्यातली पहिली समजूत, नेटवर्क भरवशाचं असतं. ज्याने पुण्यात रस्ता खणणारा जेसीबी पाहिलाय त्याला ही समजूत असूच शकत नाही. या एका धड्यात आम्ही ट्रेनरच्या पुढे होतो.

खरी गोची टाइमआउटपाशी, म्हणजे ठरल्या वेळात उत्तर येत नाही तिथे, सुरू झाली. बिलाच्या सर्व्हिसने उधारीच्या सर्व्हिसला सांगितलं, 'अमुक ग्राहकाच्या नावे दहा हजार लिही.' उत्तर आलं नाही. आता समजायचं काय? गावी जाताना आई बजावते, 'पोचल्यावर फोन कर.' फोन नाही आला तर तिच्यापुढे तीन शक्यता असतात. पोरगा पोचलाच नाही, पोचला पण विसरला, किंवा त्याने केला पण लागला नाही. आई यातली सर्वांत वाईट शक्यता धरून चालते आणि पुन्हा पुन्हा फोन लावते. आमच्या सर्व्हिसनेही तेच केलं. फरक इतकाच, की आईच्या प्रत्येक फोनला पोरगा नव्याने गावी जात नाही. इथे दर वेळी दहा हजार नव्याने लिहिले गेले. टेस्टिंगमधल्या काल्पनिक ग्राहकाच्या डोक्यावर दुपारपर्यंत चाळीस हजार झाले होते.

यूपीआयने पैसे भरताना 'प्रोसेसिंग'चं चक्र फिरत राहतं, दुकानदार म्हणतो 'आले नाहीत', आणि आपल्या मोबाइलवर पैसे कापल्याचा मेसेज येतो, तो प्रकार याच जातीचा. तिथे निदान रिझर्व्ह बँकेने २०१९ साली परिपत्रक काढून पैसे किती दिवसांत परत यायला हवेत ते ठरवून दिलंय, आणि उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. आमच्या काल्पनिक ग्राहकाला असलं कुठलंच संरक्षण नव्हतं. उपाय ट्रेनरने सांगितला. प्रत्येक मागणीला एक खुणेचा क्रमांक द्यायचा, आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर काम परत न करता आधीचंच उत्तर द्यायचं. ऐकायला सोपं आहे. फक्त ते बाराही जणींना शिकवायचं असतं, आणि त्यातल्या चार दुसऱ्या टीमच्या असतात. त्या टीमचा स्प्रिंट, म्हणजे ठरावीक आठवड्यांच्या कामाचा आराखडा, कायम भरलेला असतो.

यानंतर 'सागा' आला. रोलबॅक गेला, त्याच्या जागी हा. हेक्टर गार्सिया-मोलिना आणि केनेथ सेलम या दोघा संगणकतज्ज्ञांनी १९८७ सालीच मांडलेली कल्पना. मोठ्या कामाचे छोटे तुकडे करायचे, आणि पुढचा तुकडा फसला तर आधीचे तुकडे निस्तरणारं उलट काम करायचं. ट्रेनर रंगात येऊन बाण काढत होता. तेवढ्यात मागून अकाउंट्समधले काका बोलले. त्यांना 'बिझनेसचे प्रतिनिधी' म्हणून बसवलं होतं आणि तोवर त्यांनी फक्त चहा घेतला होता.

"म्हणजे रिव्हर्स एंट्रीच की. नोंद खोडायची नाही, उलटी नोंद घालायची. बरं, मला सांगा, मधल्या वेळात साठा कमी झालाय पण उधारी चढलेली नाही, तेव्हा ती रक्कम असते कुठे?"

ट्रेनर म्हणाला, "सर, त्याला इव्हेंच्युअल कन्सिस्टन्सी म्हणतात. सगळ्या नोंदी कधी ना कधी जुळतात."

"हिशेब लागेपर्यंत रक्कम सस्पेन्स खात्याला टाकता म्हणा ना. आणि ते सस्पेन्स मिटणार कधी?"

"इव्हेंच्युअली, सर."

"ऑडिटर तारीख विचारतो हो."

त्या दिवसापासून काका रोज वर्गात पहिल्या रांगेत. उलट्या नोंदीची मर्यादाही त्यांनीच दाखवली. साठा परत वाढवता येतो, उधारी कमी करता येते, पण 'आपला माल निघाला आहे' हा गेलेला एसएमएस परत कसा बोलावणार? त्यावर दुसरा एसएमएस पाठवायचा, असं ठरलं. त्याच्या मजकुरावर मार्केटिंगबरोबर एक आठवडा गेला.

या सर्व्हिसेस चालवणाऱ्या आणि पडल्या तर उठवणाऱ्या कुबर्नेटिस नावाच्या सॉफ्टवेअरबद्दल फार लिहीत नाही, रक्तदाब वाढतो. सर्व्हिस पुन्हा पुन्हा पडायला लागली की ते तिला आधी दहा सेकंदांनी उठवतं, मग वीस, मग चाळीस, असं दुप्पट करत पाच मिनिटांपर्यंत. दर पाच मिनिटांनी उठून पुन्हा पडणारी सर्व्हिस बघत बसणं ही आमची दुपारची करमणूक होती.

पण सगळ्यांना पुरून उरला तो बिलाचा नंबर. जीएसटीच्या नियमाप्रमाणे नंबर सलग हवा, आर्थिक वर्षात दुबार नको, आणि १६ अक्षरांच्या आत हवा. ट्रेनर फळ्यावर नमुना लिहून म्हणाला, "सोपं आहे सर, यूयूआयडी वापरू. कॉम्प्युटर आपला आपण बनवतो तो क्रमांक. जगात कुठेच दुबार होत नाही." काकांनी फळ्याशी जाऊन तो नमुना बोटाने मोजला. भरला ३६. काका काही न बोलता जागेवर जाऊन बसले.

मग ठरलं की बिलाच्या सर्व्हिसच्या तीन प्रती चालवायच्या आणि प्रत्येकीने पन्नास-पन्नास नंबर आधीच उचलून ठेवायचे. झकास चाललं. एक प्रत एकवीस बिलं फाडून पडली आणि उठल्यावर तिने नवे पन्नास उचलले. मधले एकोणतीस नंबर हवेत. जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्राच्या तेराव्या तक्त्यात कुठपासून कुठपर्यंतचे नंबर वापरले आणि त्यातले रद्द किती, ते लिहावं लागतं. काका ट्रेनरला म्हणाले, "रद्द म्हणून दाखवू? अहो, जे फाटलंच नाही ते रद्द कसं करू?"

अखेर नंबर देण्यासाठी एकच टेबल झालं. त्यात एकच ओळ आणि त्या ओळीला कुलूप. एकाचं बिल होईपर्यंत बाकीच्यांनी रांगेत थांबायचं. ट्रेनरने फळ्यावर नवं चित्र काढलं. बारा चौकोन, आणि फिरून फिरून सगळे बाण कोपऱ्यातल्या एका इवल्याशा चौकोनाकडे. तो खडू ठेवून हताशपणे म्हणाला, "सर, हा सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर झाला. हा एक पडला की सगळं बंद."

"चालेल," काका म्हणाले. "निदान बोंबलायचं कुणाच्या नावाने, ते तरी कळेल."